नंदीशिखरचा रिकामा ट्रॅक

यशोवर्धनला क्रीडा मंडळात आणलं ते राजलक्ष्मीनेच. त्यामुळे पुढे जे घडलं त्याचा राग तिला दुप्पट आला.

राजलक्ष्मी माने बसवनगुडीतल्या गिरिजा महिला कॉलेजात खेळांची संचालिका होती. मुली तिला पी.टी. मॅडम म्हणत आणि चामराजपेटेतली आपली मराठी माणसं अक्का म्हणत. तिचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे कानडी मुलखात आलेलं. घरात अजून मराठीच बोलत, पण इतक्या पिढ्या कानडीत मुरलेली मराठी. कॉलेजात असताना ती आठशे मीटर पळायची. आता पन्नाशीला आली होती, तरी मैदानावर सगळ्यांच्या आधी तीच हजर असे.

शहरातल्या सहा जुन्या कॉलेजांनी मिळून कावेरी आंतरमहाविद्यालयीन क्रीडा मंडळ चालवलं होतं. दर जानेवारीत एकेका कॉलेजाच्या मैदानावर स्पर्धा व्हायच्या. मैदानं मातीची. पहाटे पाणी मारायचं, फक्कीने लेन आखायच्या, आणि दुपारपर्यंत निम्म्या लेन पुसलेल्या असायच्या. पंचांशी भांडणं व्हायची, संचालक एकमेकांशी महिनाभर बोलायचे नाहीत, आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा एकाच मांडवाखाली बिसिबेळे भात खायला बसायचे. इथे जिंकलेली मुलं विद्यापीठाच्या संघाच्या निवडीला जात. म्हणून या मातीला किंमत होती.

मग देवनहळ्ळीकडे नंदीशिखर नावाचं कॉलेज उभं राहिलं. द्राक्षांचे मळे होते तिथे काचेच्या इमारती आल्या आणि मधोमध लाल सिंथेटिक ट्रॅक आला, आठ लेनचा. त्याच्या खेळांचा प्रमुख म्हणून पुण्याहून यशोवर्धन आला. वय चाळिशीच्या आतलं, अंगावर कायम ट्रॅकसूट, बोलणं गोड. विद्यापीठाच्या निवडीला मुलं पाठवायची तर कुठल्या तरी मंडळाचं सदस्य असावं लागतं, हे कळल्यावर तो थेट राजलक्ष्मीच्या दारात आला.

"किती महिन्यांनी घरचं मराठी ऐकतोय मॅडम," तो जेवताना म्हणाला. "फक्त तुमचं मराठी जरा हिस्टॉरिकल आहे. मला वाटलं, आता घोडा आणायला सांगतील."

सगळे हसले. राजलक्ष्मीही हसली. आपल्या भाषेचा माणूस परगावी एकटा आहे, म्हणून तिने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

मंडळाचे सचिव हयवदन सर, चामराजपेटेतल्या कोटे कॉलेजचे. सरळ, भित्रा, भला माणूस. ते म्हणाले होते, "राजलक्ष्मी, हत्ती दारात बांधायचा तर आधी अंगण बघावं." पण तिने शब्द टाकला आणि नंदीशिखर मंडळाचं सातवं सदस्य झालं.

त्याच वर्षी राजलक्ष्मीच्या हाताखाली नयना तयार होत होती. चामराजपेटेत गाद्या भरायचं दुकान असलेल्या हंबीररावांची ही मुलगी. पातळ, उंच, फारसं न बोलणारी. चारशे मीटर पळताना शेवटच्या वळणावर इतर मुलींचे खांदे वर चढत, हिचे खाली उतरत. असं शिकवून येत नाही. राजलक्ष्मीने तिला दोन वर्षं पहाटेच्या अंधारात घडवलं. आपल्या पैशाने नाही, आपल्या झोपेने घडवलं म्हणा.

जूनमध्ये नयना नंदीशिखरला गेली. यशोवर्धन स्वतः हंबीररावांच्या दुकानात येऊन बसला होता. वसतिगृह फुकट, शिक्षण फुकट, सिंथेटिक ट्रॅक, फिजिओ, आहारतज्ज्ञ. हंबीरराव राजलक्ष्मीला सांगायला आले तेव्हा त्यांची मान वर होत नव्हती.

"काय करू अक्का? पोरीचं भलं होतंय म्हणतात."

"होऊ दे की," राजलक्ष्मी म्हणाली. तिला लागलं होतं, पण तिने ते गिळलं. मुलगी चांगल्या ट्रॅकवर पळेल, यात वाईट काय? यशोवर्धनला तिने फोन केला तो एवढंच सांगायला, की हिच्या उजव्या नडगीकडे लक्ष ठेवा, सराव वाढला की दुखते.

"नोटेड, मॅडम," तो म्हणाला.

जानेवारीतल्या स्पर्धा त्या वर्षी नंदीशिखरने मागून घेतल्या. नयना सकाळी दोनशेच्या प्राथमिक फेरीत पळाली तेव्हाच राजलक्ष्मीला दिसलं, की पोरगी उजवा पाय टाकताना क्षणभर धरून टाकते. दुपारी चारशेची अंतिम शर्यत तिने जिंकली आणि रेषा ओलांडल्यावर गुडघ्यावर बसली. फिजिओने तिला तंबूत नेलं. बाहेर आली तेव्हा ती लंगडत नव्हती, आणि राजलक्ष्मीला त्याचीच भीती वाटली.

ती यशोवर्धनकडे गेली. "तिला सुई दिलीय ना? रिलेला उतरवू नका. हाड आहे ते."

"मॅडम, ट्रॉफीला आम्हाला चारच पॉइंट कमी आहेत." तो हातातल्या टॅबवरून नजर न काढता बोलत होता. "आमच्याकडे प्रोफेशनल लोक आहेत. तुम्ही तुमच्या मुली बघा."

रिलेचा शेवटचा टप्पा नयनाचा होता. बॅटन हातात आलं आणि ती निघाली. शेवटच्या वळणावर तिचे खांदे खाली उतरले, आणि पुढच्या पावलाला ती अशी कोसळली की जणू खालची जमीनच काढून घेतली. प्रेक्षकांत बसलेल्यांनाही आवाज ऐकू गेला. राजलक्ष्मी धावत पोचली तेव्हा नयना बॅटन घट्ट धरून कुशीवर पडली होती, आणि नडगी जिथे वाकू नये तिथे वाकली होती.

शस्त्रक्रिया झाली, हाडात पट्टी बसवली, पण पाय किंचित आखूड राहिला. डॉक्टर म्हणाले, चालेल, पळायचं विसरा.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित राजलक्ष्मीने नशिबाला बोल लावून मन आवरलं असतं. पण वर्तमानपत्रात प्रश्न विचारले जाऊ लागले आणि नंदीशिखरला स्वतःचं नाव वाचवायची घाई झाली. यशोवर्धनने पत्रकारांना सांगितलं, की मुलीने दुखापत लपवली. मग त्याने मंडळाच्या बैठकीत तोच विषय आणला. खेळाडूने दुखापत लपवणं हा नियमभंग, तेव्हा नयनावर मंडळाने बंदी घालावी. जी पोरगी परत कधी पळणारच नव्हती, तिच्यावर बंदी. म्हणजे ती खोटी, आणि आपण फसवले गेलो, यावर शिक्का बसणार होता.

राजलक्ष्मी उभी राहून बोलली. त्या दिवशी आपण काय पाहिलं, काय सांगितलं, सगळं बोलली. लोक टेबलाकडे बघत होते. आदल्या आठवड्यात यशोवर्धनने प्रत्येकाला सांगितलं होतं, की दर रविवारी तुमच्या मुलांना आमचा सिंथेटिक ट्रॅक सरावाला खुला. मतं घेतली तेव्हा बंदीच्या बाजूने राजलक्ष्मीचा सोडून सगळे हात वर झाले. हयवदन सरांचा सगळ्यात शेवटी झाला, पण झाला.

वसतिगृहातून नयनाचं सामान एका रिक्षात चामराजपेटेला आलं. राजलक्ष्मी दुकानात गेली तेव्हा हंबीरराव कापूस पिंजत होते. त्यांनी यंत्र बंद केलं.

"अक्का, पोरीचा पाय गेला, ते देवाने केलं म्हणून सोसलं असतं," ते म्हणाले. "ती खोटारडी ठरली, ते माणसाने केलं. ते कसं सोसू, सांगा."

आतल्या खोलीत नयना भिंतीकडे तोंड करून पडली होती. राजलक्ष्मी तिच्याजवळ बसली. घरी परतताना मात्र तिचं डोकं विलक्षण थंड झालं होतं. यशोवर्धनची नोकरी जावी, एवढ्यावर तिचं भागणार नव्हतं. त्याला त्याच्याच लाल ट्रॅकवर, त्याच्याच माणसांसमोर उभं करायचं होतं. नयना पडली होती तेव्हा आजूबाजूला कुणी आपलं नसावं तसं तिला वाटलं होतं ना, तसं त्याला वाटायला हवं होतं.

संधी त्यानेच आणून दिली. जुलैच्या बैठकीत त्याने ठराव मांडला: यापुढे स्पर्धा कायम नंदीशिखरलाच व्हाव्यात, आणि ज्या कॉलेजाकडे स्वतःचा प्रमाणित ट्रॅक नाही ते फक्त सहयोगी सदस्य राहील, मताचा हक्क त्याला नसेल. प्रमाणित ट्रॅक सातांत एकाकडेच होता. रविवारचा सराव तोवर कुणाला एकदाही मिळाला नव्हता. फाटकावरचा रखवालदार दर वेळी काही तरी कारण सांगून बस परत पाठवत असे. आता मात्र यशोवर्धनने सांगितलं, ठराव झाला की रविवार नक्की, आणि सगळ्या संघांना प्रवासाच्या बसही कॉलेज देईल.

संचालक एकमेकांची तोंडं बघू लागले. राजलक्ष्मी विरोध करणार, आणि तिच्या आडून आपणही करू, असं त्यांच्या मनात होतं.

"माझं अनुमोदन आहे," राजलक्ष्मी म्हणाली.

यशोवर्धनने पहिल्यांदाच टॅब खाली ठेवला. "थँक यू, मॅडम. तुम्ही प्रोफेशनली विचार केलात."

तिनेच पाठिंबा दिल्यावर बाकीच्यांना तोंड उघडता येईना. ठराव मंजूर झाला. बाहेर जिन्यात हयवदन सरांनी तिला गाठलं. इतक्या वर्षांत ते तिच्याशी आवाज चढवून बोलले नव्हते.

"वेड लागलंय का तुला? आपण सगळे आता त्याचे पाहुणे झालो. आपल्याच मंडळात."

"झालो ना? मग झोंबू दे थोडं," ती कानडीत म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "साखरेने मरतो त्याला विष कशाला," आणि सरांना कळलं नाही म्हणून अर्थ सांगितला.

तिने घाई केली नाही. नंदीशिखरकडून येणारा प्रत्येक अपमान तिच्यासाठी काम करत होता. सहयोगी सदस्यांना बैठकीचं बोलावणं एक दिवस आधी येई. त्यांच्या मुलांना ट्रॅकवर पाय ठेवण्याआधी बूट तपासून घ्यावे लागत. रविवार पुन्हा बंदच राहिले. एका म्हाताऱ्या संचालकांना फाटकावर ओळखपत्र नाही म्हणून उन्हात बसवून ठेवलं, त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून राजलक्ष्मीला फोन केला. एकेक जण तिच्याकडे येत गेला. प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगे: आपण सहा जण बाहेर पडू, नवं मंडळ करू, विद्यापीठाची मान्यता घेऊ. फक्त गप्प राहायचं. स्पर्धेच्या यादीत आपली नावं जाऊ द्यायची. त्याला तयारी करू द्यायची.

हयवदन सर सगळ्यात अवघड होते. जुनं मंडळ त्यांनी उभं केलेलं, ते मोडायला त्यांचा जीव होईना. राजलक्ष्मीने त्यांना काही समजावलं नाही. एका दुपारी, चला जरा काम आहे, म्हणून ती त्यांना हंबीररावांच्या दुकानात घेऊन गेली आणि नव्या भरलेल्या गादीवर बसवलं. नयना आतून कॉफी घेऊन आली. खोली लहान, पण तिला ती ओलांडायला वेळ लागला. पेला सरांच्या हातात देताना ती म्हणाली, "साखर स्वल्प कमी आहे सर, चालेल ना?"

सरांनी मान हलवली. त्यांनी कॉफी अर्धी ठेवली आणि उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला, मी आहे. राजलक्ष्मीला त्या म्हाताऱ्याची दया आली नाही. हात वर करताना त्याला नव्हती आली.

इकडे ती यशोवर्धनला फुलवत होती. मोठं काही तरी करा, नुसत्या स्पर्धा काय, असं तिनेच सुचवलं. मंत्र्यांना बोलवा. चेअरमनसाहेबांच्या हस्ते ज्योत पेटवा. बँड ठेवा. तो खूश होऊन प्रत्येक गोष्ट तिला फोनवर सांगे.

"आता पटलं ना मॅडम, स्केल कशाला म्हणतात ते?"

"पटलं," ती म्हणे.

जानेवारीतली ती सकाळ स्वच्छ होती. राजलक्ष्मी नयनाला टॅक्सीत घालून देवनहळ्ळीला घेऊन गेली. कुठे जातोय ते तिने नयनाला सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. फाटकावर रांगोळी होती, सहा कॉलेजांचे झेंडे होते. लाल ट्रॅक धुऊन चकचकीत केला होता. बँडवाले तयार बसले होते. मंत्र्यांची गाडी आली, हार झाले, चेअरमन त्यांना घेऊन व्यासपीठावर बसले. समोर संचलनासाठी नंदीशिखरचा संघ एकटाच रांगेत उभा होता.

यशोवर्धन निळ्या कोटात, हसतमुखाने तिच्याजवळ आला. व्यासपीठ दहा पावलांवर होतं.

"मॅडम, तुमच्या मुलींची बस कुठवर आली? बाकीच्यांचेही फोन लागत नाहीयेत."

"बस येणार नाही," ती मराठीत, नेहमीच्या आवाजात म्हणाली.

"म्हणजे?"

"कुणाचीच येणार नाही. तुम्ही पाठवलेल्या बस कॉलेजांच्या दारात रिकाम्या उभ्या आहेत. सहाही कॉलेजं आत्ता बसवनगुडीच्या मातीच्या मैदानावर आहेत. नवं मंडळ झालंय, विद्यापीठाचा माणूसही तिथेच बसलाय. निवड तिथून होणार. तुमच्या मंडळात आता तुम्ही एकटे."

त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं रक्त गेलं. चेअरमननी वरून इंग्रजीत विचारलं, काही अडचण आहे का. यशोवर्धनने हात वर करून नाही म्हटलं.

"हसत राहा," राजलक्ष्मी म्हणाली. "बघतायत ते."

"का? मी तुमचं काय बिघडवलं?"

तिने मागे पाहिलं. खुर्चीवर नयना बसली होती, काठी मांडीवर आडवी धरून.

"तिच्यासाठी?" तो पुटपुटला. "एका मुलीसाठी?"

"एका मुलीसाठी."

पुढचं सगळं तिने शांतपणे बसून पाहिलं. एक शब्दही चुकू दिला नाही. मंत्री घड्याळ बघत होते. शेवटी काही तरी करायलाच हवं म्हणून ज्योत पेटवली आणि शंभर मीटरची शर्यत पुकारली. सूत्रसंचालकाच्या हातात जो कागद होता त्यावर आता एकच नाव उरलं होतं. लेन तीन, नंदीशिखर. लेन चार, नंदीशिखर. लेन पाच, नंदीशिखर. बाकीच्या लेन रिकाम्या. बँडवाल्यांपैकी कुणाला तरी हसू आवरेना. मंत्री दुसऱ्या शर्यतीला उठले आणि कॉफी न घेताच गेले. चेअरमन यशोवर्धनशी काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण बोलताना त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. मग तो त्या मोठ्या हिरवळीच्या मध्यावर एकटा उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

राजलक्ष्मीच्या छातीत वर्षभर जे दाटून होतं ते सैल झालं. तिला फार बरं वाटलं. इतकं बरं तिला स्वतः शर्यत जिंकून कधी वाटलं नव्हतं.

त्या दोघी टॅक्सीकडे निघाल्या तेव्हा मागून कुणी तरी धावत आलं. नंदीशिखरच्या गणवेशातली मुलगी होती, पायात स्पाइक्स तसेच.

"मॅडम, मी सुखदा. दोनशे मीटर पळते." श्वास लागला होता तिला. "मी नागपूरची आहे. मॅडम, तिकडे दोनशेची रेस दुपारी असेल ना? मला तिथे पळू द्याल? कॉलेजचं नाव नको, नुसतं पळू द्या. माझं लास्ट इयर आहे. आज टाइम लागला नाही तर संपलंच माझं."

राजलक्ष्मीने मनात आणलं असतं तर हयवदन सरांना एक फोन पुरे होता. विद्यापीठाचा माणूस ओळखीचा होता. एक लेन रिकामी ठेवणं अवघड नव्हतं.

"तू सदस्य कॉलेजची नाहीस," ती म्हणाली. "तुझ्या सरांना विचार."

मुलगी आणखी काही बोलणार होती, पण राजलक्ष्मीच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. टॅक्सी वळली तेव्हा ती तिथेच उभी होती.

वाटेत हेब्बाळ आलं. नयना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिने काय केलं होतं, अक्का?"

"तू काय केलं होतंस?"

"काही नाही," नयना म्हणाली. "म्हणूनच विचारते."

दोघी बसवनगुडीच्या मैदानावर पोचल्या तेव्हा धूळ उडत होती, मुलं ओरडत होती, हयवदन सर टोपी घालून शर्यती सोडत होते. दुपारी दोनशेची अंतिम शर्यत झाली. राजलक्ष्मी त्या वेळी मांडवामागे पाण्याची पिंपं मोजत राहिली.

नंदीशिखरने यशोवर्धनला लगेच काढलं नाही. चेअरमननी त्याला एकच काम दिलं: नव्या मंडळात प्रवेश मिळव, नाही तर जा. मे महिन्यात तो राजलक्ष्मीच्या घरी आला. बराच खंगला होता. ट्रॅकसूट नव्हता. तिने त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि पाणी दिलं, जेवायला विचारलं नाही.

"काय करायला हवं, ते सांगा मॅडम. मी सगळं करीन."

"हंबीररावांच्या दुकानासमोर उभं राहून खरं काय ते सांगा. मग मंडळ तुमचा अर्ज विचारात घेईल."

दोन दिवसांनी, भर दुपारी, तो चामराजपेटेत आला. गल्लीत माणसं होतीच. समोर पुस्तकं बांधणारे, शेजारी उदबत्त्या वळणाऱ्या बायका. यशोवर्धनने मराठीत सुरुवात केली तसे हंबीरराव म्हणाले, "कानडीत सांगा. त्या वेळी पेपरात वाचलं ते या सगळ्यांनी. त्यांना कळू दे."

"मला कानडी येत नाही."

"सरी, ठीक आहे," राजलक्ष्मी म्हणाली. "मी सांगते, तुम्ही म्हणा."

मग त्या गल्लीत तिने एकेक वाक्य सांगितलं आणि तो तिच्यामागून म्हणत गेला, शाळेतल्या पोरासारखा, उच्चार चुकवत. नयना सुळ्ळु हेळलिल्ल. नयना खोटं बोलली नाही. सुळ्ळु हेळिद्दु नानु. खोटं बोललो तो मी. हाड दुखावलंय हे मला फिजिओने सांगितलं होतं, तरी मी तिला पळवलं. एका वाक्यात त्याने शब्द गाळला, तेव्हा राजलक्ष्मीने त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. उदबत्तीवाल्या बायकांचे हात थांबले होते. हंबीरराव दुकानाच्या उंबऱ्यावर बसून रडत होते, आणि डोळे पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

नयना दारात उभी होती. त्याचं बोलून झाल्यावर तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "रिलेत माझ्यानंतर कोणी नव्हतं सर. मी थांबले असते तर तुमचे पॉइंट गेले असते, एवढंच. तुम्ही विचारलं असतं तर मी थांबले असते."

तो गल्लीच्या तोंडाशी उभ्या गाडीकडे गेला.

जूनच्या बैठकीत नंदीशिखरचा अर्ज आला. यशोवर्धन तोवर पुण्याला परतला होता, अर्ज नव्या संचालकाने पाठवला होता. संचालकांचं मन वळलं होतं. झालं ते झालं, म्हणत होते, मुलांना ट्रॅक मिळेल. राजलक्ष्मी मात्र नकार द्यायचं ठरवूनच निघाली होती. तिने माफी ऐकायचं कबूल केलं होतं, दार उघडायचं नाही. ते लोक वर्षानुवर्षं त्या लाल ट्रॅकवर आपल्याआपल्यात पळत राहावेत, अशी तिची इच्छा होती. सुखदा मधूनच डोळ्यांसमोर यायची. ती मुलगी आता कुठे तरी नोकरीला लागली होती म्हणे. राजलक्ष्मी तो विचार आला की दुसरं काही करायला लागे.

बैठकीआधी ती मैदानावरून गेली. नयना मार्चपासून तिथे येत होती. तिला कुणी नेमलं नव्हतं. काठी टेकवून ती शेवटच्या वळणाजवळ उभी राही आणि गिरिजाच्या मुलींचे खांदे बघे. मुली तिला घाबरत, कारण ती ओरडत नसे, फक्त परत पळायला सांगे.

"आज नंदीशिखरच्या अर्जावर मत आहे," राजलक्ष्मी म्हणाली. "मी नाही म्हणणार."

"का?"

"तू विचारतेस?"

नयनाने पळणाऱ्या मुलींवरची नजर काढली नाही. "त्यांना आत घ्या, अक्का."

"तुला दया आली त्यांची?"

"नाही." ती इतक्या सहज म्हणाली की राजलक्ष्मीने तिच्याकडे वळून पाहिलं. नयनाच्या चेहऱ्यावर जे होतं ते राजलक्ष्मीने वर्षभर आरशात पाहिलं होतं, पण या पोरीत ते जास्त स्थिर होतं. "तुम्ही त्यांना पळूच दिलं नाही. त्याने ते हरत नाहीत. ते मंडळात नसतील तर मी हरवू कुणाला? मला त्यांच्या ट्रॅकवर, त्यांच्या आठही लेन भरलेल्या असताना, त्यांना मागे टाकायचंय. माझ्या पायाने नाही, या पोरींच्या पायाने. लागतील तेवढी वर्षं लागू देत."

मग तिने काठी उचलून वळणावरच्या मुलीला खूण केली. "तू परत. खांदे खाली."

हयवदन सर वरच्या खिडकीतून हात करत होते, सगळे जमले होते. राजलक्ष्मी जिना चढून गेली. मत घ्यायची वेळ आली तेव्हा एकेक हात वर होत गेला. तिचा सगळ्यात शेवटी झाला, पण झाला.